फिलिपाईन्सचा इतिहास : टपालाच्या तिकिटांवरून
(विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



तिकिटे गोळा करणे हा रिकामटेकड्या पोरांचा उद्योग आहे, असे आपल्यापैकी पुष्कळ पालकांना वाटते. परीक्षा तोंडावर आली असताना मुलगा पाकिटे भिजवत बसला की वडिलांचा पारा चढतो, आणि तो चढणे स्वाभाविकही आहे. तरी आज तासभर मला ऐकून घ्या. टपालाचे तिकीट म्हणजे सरकारची सही असते. ते कोणीही छापू शकत नाही. ज्याच्या हाती राज्य, तोच छापतो. त्यावर कोणाचे डोके छापायचे, कोणती भाषा वापरायची, कोणत्या वर्षाची आठवण ठेवायची, हे सगळे तोच ठरवतो. म्हणून एखाद्या देशाची शंभर-सव्वाशे वर्षांची तिकिटे ओळीने मांडली, तर राज्यकर्त्यांनी स्वतःविषयी काय सांगितले ते दिसते. आणि जरा डोके चालवले, तर त्यांनी काय सांगितले नाही तेही दिसते. माझा आजचा भर या दुसऱ्या गोष्टीवर अधिक आहे.

देश मी मुद्दामच फिलिपाईन्स निवडला. बोटीवर नोकरी केलेल्या आपल्या लोकांना फिलिपिनो खलाशी परका नाही. एकाच बोटीवर वर्षवर्ष काढलेली असतात. पण त्याच्या देशाबद्दल विचारले, तर मनिला या नावापलीकडे आपल्याला फारसे काही सांगता येत नाही. सात हजारांहून अधिक बेटांचा हा देश. त्याचे नावच मुळी एका परक्या राजाचे. स्पेनचा दुसरा फिलिप, म्हणजे फेलिपे, अजून युवराज होता तेव्हा, १५४३ साली, एका स्पॅनिश दर्यावर्दीने त्याचे नाव काही बेटांना दिले, आणि पुढे ते साऱ्या देशाला चिकटले. मात्र त्यांची तागालोग भाषा ऐकली तर कानाला ओळखीचे शब्द सापडतात. शिक्षकाला ते ‘गुरो’ म्हणतात, चेहऱ्याला ‘मुखा’, आणि आभार मानताना ‘सलामत’. पहिले दोन शब्द संस्कृतातून गेलेले, तिसरा अरबीतून. स्पेनचे गलबत तिथे पोहोचण्यापूर्वी कोणाकोणाची ये-जा होती, हे या तीन शब्दांवरून समजते.

आता तिकिटांकडे वळू. फिलिपाईन्सची पहिली तिकिटे १ फेब्रुवारी १८५४ रोजी निघाली. किमती चार : पाच क्वार्तो, दहा क्वार्तो, एक रेआल आणि दोन रेआल. चारही तिकिटांवर स्पेनची राणी दुसरी इझाबेला. देशाचे नाव कुठेच नाही! ज्या लोकांनी ती विकत घ्यायची त्यांचा पत्ताच तिकिटावर नाही. ही तिकिटे मनिलातच कोरली गेली, आणि एक रेआलच्या तावात एका तिकिटावर ‘कोर्रेओस’ म्हणजे ‘टपाल’ या शब्दातले एक अक्षर गळून ‘कोर्रोस’ झाले. आज संग्राहक या चुकीच्या तिकिटासाठी भारी किंमत मोजतात. योगायोग पाहा : त्याच १८५४ च्या ऑक्टोबरात आपल्या देशभर चालणारी पहिली तिकिटे निघाली, त्यांवर व्हिक्टोरिया राणी, आणि चार आण्यांच्या काही तिकिटांवर राणीचे डोके उलटे छापले गेले. दोन राण्या, दोन गुलाम देश, आणि छापखान्याचा गोंधळ दोन्हीकडे सारखाच.

१८६८ साली स्पेनमध्ये क्रांती झाली, इझाबेला देश सोडून गेली. मनिलाच्या पोस्टात तिच्या तिकिटांचे गठ्ठे पडून होते. ते फेकून देणे परवडणारे नव्हते. मग जुन्या तिकिटांवर ठसा मारला गेला : ‘राष्ट्राच्या संमतीने चालू’. राष्ट्र कोणते? स्पेन. फिलिपिनो माणसाची संमती कोणी विचारली नव्हती. पुढे १८९० मध्ये तेराव्या अल्फोन्सोची तिकिटे आली. हा राजा वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मला, म्हणजे जन्मतःच राजा. तिकिटावर त्याचा बाळचेहरा आहे. साठ-सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्या बाळाचा शिक्का आपल्या पत्रावर लावायचा!

याच काळात एक तरुण फिलिपिनो डॉक्टर युरोपात बसून कादंबऱ्या लिहीत होता. त्याचे नाव होसे रिझाल. विद्यार्थी मित्रांनो, हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढे तिकिटांवर हा माणूस पुन्हा पुन्हा भेटणार आहे. जन्म १९ जून १८६१. आईची दृष्टी जाऊ लागली म्हणून त्याने डोळ्यांचे वैद्यक शिकून घेतले. त्याची पहिली कादंबरी १८८७ मध्ये बर्लिनला छापली गेली, दुसरी १८९१ मध्ये गेंट या गावी. स्पॅनिश पाद्री आणि अधिकारी यांनी चालवलेला जुलूम त्याने त्यांच्याच भाषेत मांडला. त्याने बंड पुकारले नव्हते. त्याला सुधारणा हव्या होत्या, शाळा हव्या होत्या, कायद्यापुढे समानता हवी होती.

इथे पालक भगिनींसाठी एक हकीकत सांगितलीच पाहिजे. १८८८ च्या डिसेंबरात मालोलोस या गावच्या वीस तरुणी स्पॅनिश गव्हर्नर-जनरलपुढे अर्ज घेऊन गेल्या. मागणी काय? आम्हांला स्पॅनिश शिकायचे आहे, रात्रीची शाळा उघडायला परवानगी द्या. गावच्या पाद्र्याचा विरोध होता. बाईमाणूस राज्यकर्त्यांची भाषा शिकली म्हणजे ती कागद वाचणार, आणि कागद वाचणारी बाई सांगितलेले सगळे मुकाट्याने ऐकत नाही, ही त्याची भीती. मुलींनी पाठपुरावा सोडला नाही, आणि अखेर त्यांना शिकता आले. ही बातमी लंडनमध्ये रिझालला कळली, तेव्हा १८८९ च्या फेब्रुवारीत त्याने त्यांना एक लांबलचक पत्र लिहिले, आणि ते स्पॅनिशमध्ये न लिहिता तागालोगमध्ये लिहिले. गुलाम आईच्या पोटी स्वतंत्र मुले कशी निपजतील, हा त्या पत्राचा मथितार्थ.

रिझाल मायदेशी परतला तेव्हा सरकारने त्याला १८९२ मध्ये मिंदानाओ बेटावरील दापितान येथे हद्दपार केले. तिथे चार वर्षे त्याने दवाखाना चालवला, मुलांची शाळा चालवली. १८९६ मध्ये बंड पेटले. त्यात त्याचा हात नसतानाही ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. वय पस्तीस.

बंड मात्र विझले नाही. १२ जून १८९८ रोजी एमिलिओ आगिनाल्दो याने कावित गावी स्वातंत्र्य जाहीर केले, आणि त्याच्या सरकारने स्वतःची तिकिटे काढली. दोन सेंटाव्होंचे लाल तिकीट, त्यावर ‘क्रांतिकारी सरकार’ आणि ‘फिलिपिनास’ ही अक्षरे. राजा नाही, राणी नाही, डोकेच नाही. फक्त नव्या राष्ट्राचे चिन्ह. छपाई साधी आहे. पण मला विचाराल तर साऱ्या संग्रहात हेच तिकीट मला सर्वांत देखणे वाटते.

हे सुख फार टिकले नाही. १० डिसेंबर १८९८ च्या पॅरिसच्या तहाने स्पेनने हा सारा देश दोन कोटी डॉलरला अमेरिकेच्या हवाली केला. सौद्याच्या वेळी घरातल्या माणसांना कोणी विचारले नाही. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेचीच तिकिटे, वर ‘फिलिपाईन्स’ असा ठसा मारून, मनिलाच्या पोस्टात विकायला आली, आणि फिलिपिनो फौज अमेरिकेशी लढू लागली.

१९०६ साली अमेरिकनांनी या बेटांसाठी खास मालिका काढली. ही मालिका नीट वाचण्यासारखी आहे. चार सेंटाव्होंवर अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ले, ज्यांच्या कारकिर्दीत देश घेतला गेला. सहावर मॅगेलन, आठवर लेगास्पी, म्हणजे स्पेनच्या चाकरीत आलेले दोघे. बारावर लिंकन, विसावर वॉशिंग्टन. सव्विसावर कार्रिएदो नावाचा स्पॅनिश गृहस्थ. याच्याविषयी थोडे थांबून सांगतो, कारण संस्था चालवणाऱ्यांनी ऐकावे असे आहे. अठराव्या शतकात त्याने दहा हजार पेसो मनिलाच्या पाणीपुरवठ्यासाठी बाजूला काढून दिले. त्यांतून कमाई करावी, पैसा वाढवावा आणि शहराला नळ द्यावेत, ही अट. नळाला पाणी आले १८८२ मध्ये! जवळजवळ दीडशे वर्षे ती रक्कम त्या कामासाठी राहिली.

दहा सेंटाव्होंच्या तिकिटावर जनरल लॉटन आहे. हा अमेरिकन सेनापती १८९९ च्या डिसेंबरात सान मातेओ येथे फिलिपिनो फौजेच्या गोळीने मेला. सात वर्षांच्या आत त्याचे तिकीट निघाले. ज्यांनी त्याच्याशी लढाई केली, त्यांनीच आता त्याच्या पाठीला थुंकी लावून ते पत्रावर चिकटवायचे.

आणि दोन सेंटाव्होंवर, म्हणजे साध्या पत्राला लागणाऱ्या सर्वांत खपाऊ तिकिटावर, होसे रिझाल. अमेरिकनांनी आगिनाल्दो घेतला नाही, तो जिवंत होता आणि त्यांच्याशी लढलेला होता. बंडाची संघटना उभारणारा बोनिफासिओ घेतला नाही. रिझाल घेतला. तो मेलेला होता, स्पेनने मारलेला होता, आणि त्याने शस्त्र उचलले नव्हते. रेनातो कॉन्स्तान्तिनो या फिलिपिनो इतिहासकाराने १९६९ मध्ये हेच बोट ठेवून दाखवले, तेव्हा त्याच्या देशात बरीच खळबळ झाली. माझे स्वतःचे मत असे की रिझाल थोर होताच. पण मोठ्या माणसाचा मोठेपणा राज्यकर्ते आपल्या सोयीने वापरतात, हेही तितकेच खरे.

याच १९०६ च्या मार्च महिन्यात, म्हणजे ही मालिका निघण्याच्या सहा महिने आधी, दक्षिणेतल्या होलो बेटावर बुद दाहो नावाच्या मृत ज्वालामुखीच्या डोंगरावर काय घडले ते सांगतो. अमेरिकन अंमलाला न जुमानणारी मुसलमान कुटुंबे बायकामुलांसह त्या डोंगराच्या कुशीत जाऊन राहिली होती. जनरल लिओनार्ड वूडच्या हाताखालच्या फौजेने डोंगराला वेढा घालून तोफा आणि बंदुका चालवल्या. मेलेल्यांचे आकडे सहाशेपासून नऊशेच्या पुढेपर्यंत दिले जातात. जिवंत राहिलेले बोटांवर मोजण्याइतके. अमेरिकेतही यावर ओरड झाली. मार्क ट्वेनसारख्या लेखकाने कडक शब्दांत लिहिले. वूड मात्र पुढे १९२१ मध्ये साऱ्या फिलिपाईन्सचा गव्हर्नर-जनरल झाला. त्या मालिकेत दक्षिणेतला एकही माणूस नाही.

या दक्षिणेतल्या लोकांना स्पॅनिश लोक ‘मोरो’ म्हणत. स्पेनमध्ये ज्या मूर मुसलमानांशी ते शतकानुशतके लढले, त्यांचेच नाव त्यांनी जगाच्या दुसऱ्या टोकाच्या मुसलमानांना दिले. आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनीही हाच शब्द ‘मौरो’ म्हणून आपल्या पूर्वजांना लावला होता. तिथल्या लोकांनी मात्र शिवी म्हणून आलेला शब्द उचलून अभिमानाने मिरवला. आज ते स्वतःला ‘बांगसामोरो’, म्हणजे मोरो राष्ट्र, म्हणवतात. आणि मुसलमान फक्त दक्षिणेतच होते असेही नाही. १५७१ मध्ये लेगास्पीने मनिला घेतले, तेव्हा तिथे राजा सुलेमान नावाचा मुसलमान सरदार होता.

आता एक हलकी गोष्ट. १९३२ मध्ये निसर्गदृश्यांची सुंदर मालिका निघाली. त्यात अठरा सेंटाव्होंच्या तिकिटावर धबधबा, खाली नाव पाग्सान्हान. लुझोन बेटावरचा हा प्रसिद्ध धबधबा. पण तिकीट हाती पडल्यावर लक्षात आले की चित्रातला धबधबा तिथला नाहीच! तो अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या योसेमिटी उद्यानातला व्हर्नल धबधबा. तिकिटे वॉशिंग्टनमध्ये तयार होत. तिथे दोन्ही धबधबे सारखेच. दूर बसून कारभार हाकणाऱ्याला आपल्या गावची नदी कशी दिसते, याचा हा छापील पुरावा.

१९३५ च्या मालिकेत अमेरिकन सत्ता सैल होऊ लागल्याच्या खुणा आहेत. भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेते, रेड्याजवळ उभी असलेली शेतकरीण, ‘हुआन दे ला क्रूझ’ या नावाने ओळखला जाणारा साधा फिलिपिनो माणूस. आठ सेंटाव्होंवर मोती काढणारे पाणबुडे. मोत्यांसाठी प्रसिद्ध समुद्र दक्षिणेतला सुलूचा, म्हणजे मोरोंचा. तिकिटावर त्यांचे काम आले, नाव नाही. सोळा सेंटाव्होंवर ‘मॅगेलनचे आगमन, १५२१’. हा मॅगेलन १५०५ मध्ये पोर्तुगीज आरमाराबरोबर हिंदुस्थानात आला होता आणि १५०९ मध्ये दीवच्या लढाईत होता. नंतर तो स्पेनच्या नोकरीत गेला. त्याचे आगमन तिकिटावर आले, पण त्यानंतर सहा आठवड्यांत, २७ एप्रिल १५२१ रोजी, माक्तान बेटाच्या लापुलापू या सरदाराच्या माणसांनी त्याला किनाऱ्यावरच मारले, ते मालिकेत नाही. लापुलापूला तिकीट मिळाले ते देश स्वतंत्र झाल्यावर; आणि २०२१ मध्ये, पाचशे वर्षांनी, माक्तानच्या विजयाची आठवण म्हणून खास तिकिटे निघाली.

जानेवारी १९४२ मध्ये जपानी फौजा मनिलात शिरल्या. नवी तिकिटे छापायला वेळ नव्हता. म्हणून जुन्याच तिकिटांवर ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’ ही अक्षरे काळ्या पट्ट्यांनी झाकून टाकली. भिंग घेऊन पाहिले तर पट्टीखाली अक्षरे दिसतात. त्याच मे महिन्यात एका तिकिटावर ‘बातान आणि कोरेहिदोरच्या पाडावाबद्दल अभिनंदन’ असा इंग्रजी ठसा मारला. ज्या लढाईत हजारो फिलिपिनो तरुण मेले, त्या पराभवाचे अभिनंदन त्यांच्याच आईबापांना पत्रावर लावायचे!

१९४३ मध्ये जपान्यांची स्वतःची मालिका आली. एका चित्रात फिलिपाईन्सचा मायोन आणि जपानचा फुजी हे दोन डोंगर शेजारी शेजारी, जणू सख्खे भाऊ. दुसऱ्या एका तिकिटावर मोरोंची विंता नावाची शिडाची होडी. आपल्याकडचे पडाव, मचवे पाहिलेल्याला ती लगेच आवडेल. दोन्ही बाजूंना बांबूचे आधार, वर रंगीत पट्ट्यांचे शीड. १९४४ मध्ये त्यांनीही रिझालचे तिकीट काढले. अमेरिकेचा रिझाल, जपानचा रिझाल, पुढे प्रजासत्ताकाचा रिझाल; तीन सरकारांनी त्याला आपापल्या बाजूला उभे केले.

१९४४ च्या ऑक्टोबरात अमेरिकन फौजा लेते बेटावर उतरल्या. नोव्हेंबरात ताक्लोबान गावी जुन्याच तिकिटांवर हाताने ‘व्हिक्टरी’ हा ठसा मारून विक्री सुरू झाली. ४ जुलै १९४६ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हाच्या तिकिटावर ध्वज हाती घेतलेली फिलिपिनो मुलगी आहे. तारीख अमेरिकेच्याच स्वातंत्र्यदिनाची. ते शल्य पुष्कळांना होते. १९६२ मध्ये अध्यक्ष मकापागाल यांनी स्वातंत्र्यदिन बदलून १२ जून केला, म्हणजे आगिनाल्दोचा दिवस. त्या दशकात तिकिटांवर इंग्रजी नावाऐवजी ‘पिलिपिनास’ हे देशी उच्चाराचे नाव रुळले.

१९५७ चे अध्यक्ष रामोन मॅगसेसे यांचे तिकीट आपण ओळखले पाहिजे. त्याच वर्षी १७ मार्चला ते विमान अपघातात गेले. त्यांच्या नावाचे पारितोषिक १९५८ पासून सुरू झाले, आणि पहिल्याच वर्षी ते विनोबा भाव्यांना मिळाले. दुसऱ्या वर्षी चिंतामणराव देशमुखांना. विनोबांचे जन्मगाव गागोदे, देशमुखांचे महाडजवळचे नाते. दोन्ही आपल्या कोकणातली, रायगड जिल्ह्यातली.

राहता राहिली दक्षिण. १९७५ मध्ये प्रथमच मागिंदानाओच्या सुलतान कुदरतचे तिकीट निघाले. सतराव्या शतकात या सुलतानाने स्पेनला मिंदानाओत पाय रोवू दिला नाही. १६३७ मध्ये त्याचे ठाणे पडले, तरी तो मागे हटून पुन्हा उभा राहिला आणि १६४५ मध्ये स्पेनला त्याच्याशी तह करावा लागला. पण तिकीट निघाले केव्हा हे पाहा. मार्कोस यांनी १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारला होता, दक्षिणेत मोरो तरुणांनी शस्त्रे घेतली होती, आणि १९७४ च्या फेब्रुवारीतल्या लढाईत होलो शहर जळून गेले होते. एका हाताने तोफ, दुसऱ्या हाताने तिकीट. १९८० मध्ये त्या देशात इस्लाम आल्याला सहाशे वर्षे झाली म्हणून तिकिटे निघाली. शेख करीमुल मखदूम यांनी १३८० मध्ये सिमुनुल बेटावर मशीद बांधली, अशी परंपरा आहे. तिकिटे आली तेव्हा त्रिपोलीचा १९७६ चा करार कागदावरच होता. १९९६ चा करार, २०१४ चा करार, असे करत करत २०१९ मध्ये लोकांचा कौल घेऊन बांगसामोरोला स्वतःचे स्वायत्त सरकार मिळाले.

मार्कोस यांचा स्वतःचा चेहराही तिकिटांवर झळकत होता. १९८६ च्या फेब्रुवारीत मनिलाचे लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि ते देश सोडून गेले. लोकशक्तीची तिकिटे त्याच वर्षी निघाली. १८६८ मध्ये राणी गेली तेव्हा तिच्या तोंडावर ठसा मारायला पोस्टाला सवड लागली होती; या वेळी काम लवकर झाले.

मी सांगितलेल्यांपैकी बरीच तिकिटे बाहेरच्या टेबलावर वहीत लावून ठेवली आहेत. पहिली राणी इझाबेला आणि आगिनाल्दोचे लाल तिकीट यांची मात्र छायाचित्रेच आहेत. भिंग एकच आहे, तेव्हा पाळीपाळीने पाहा. काळ्या पट्टीचे तिकीट तिसऱ्या पानावर आहे. उजेडाकडे तिरके धरले की खालची अक्षरे वाचता येतात. आणि कृपा करून बोटाने उचलू नका, चिमटा शेजारीच ठेवला आहे.